गरीब दिसणारे मासे आणि त्यांची शिकार

रायगड जिल्ह्यात महाडच्या परिसरात वाळणकोंड नावाचा एक डोह आहे. खडकांनी वेढलेल्या या डोहात महाशीर जातीचे मोठमोठे मासे राहतात. डोहाशी देवीचे स्थान जोडलेले असल्यामुळे हे मासे पवित्र मानले जातात व त्यांना कोणी धरीत नाही. यात्रेकरू काठावरून कुरमुरे टाकतात. टाकताच पाण्यात काळसर सावल्या हलू लागतात आणि हातभर लांबीचे मासे तोंडे वर काढून कुरमुरे गिळू लागतात. हे दृश्य पाहणाऱ्याची अशी समजूत सहजच होते की, हा देवाच्या दारचा, मिळेल तो दाणा टिपून राहणारा गरीब प्राणी आहे. परंतु याच कुळातील मासा डोंगरातून उतरणाऱ्या दुसऱ्या एखाद्या नदीत पाहावा, तर तो खेकडे व गोगलगायी फोडून खातो आणि लहान मासा टप्प्यात आला तर त्याच्यावर झेप घेतो. गळ टाकणारे हौशी लोक महाशिराला भुलविण्यासाठी कणकेची गोळी वापरतात, तसाच चमच्यासारखा चकाकणारा धातूचा तुकडाही वापरतात. तो तुकडा पाण्यातून ओढला की पळणाऱ्या लहान माशासारखा दिसतो. जो मासा कणकेला भुलतो तोच या तुकड्यालाही भुलतो.

प्राथमिक शाळेत प्राण्यांच्या आहाराचा पाठ घेताना फळ्यावर दोन रकाने आखण्याची पद्धत आहे. एका रकान्यात शाकाहारी प्राणी लिहावयाचे, दुसऱ्यात मांसाहारी. गाय आणि वाघ यांच्यापुरती ही विभागणी उत्तम चालते. माशांचा प्रश्न आला की मरळ, शिंगाळा व वाम हे मांसाहारी रकान्यात जातात आणि रोहू, मृगळ, गप्पी असे मासे एक तर शाकाहारी तरी ठरविले जातात किंवा निरुपद्रवी म्हणून सोडून तरी दिले जातात. विद्यार्थी ते पाठ करतात. वास्तविक गोड्या पाण्यातील बहुतेक माशांना असे व्रत ठाऊक नसते. त्यांच्या तोंडात काय मावते आणि त्या ऋतूत समोर काय येते, यावर त्यांचा आहार ठरतो. ही गोष्ट केवळ परीक्षेतील एका गुणापुरती असती तर तीविषयी एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु गावोगावच्या विहिरींत, हौदांत व तळ्यांत आज माणसे स्वतःच्या हातांनी मासे सोडीत आहेत आणि ते मासे निरुपद्रवी आहेत याच समजुतीने सोडीत आहेत. म्हणून या समजुतीची नीट तपासणी होणे अगत्याचे आहे.

प्रथम माशाच्या तोंडाकडे पाहू जाता एक चमत्कारिक गोष्ट आढळते. रोहू, कटला, मृगळ, सायप्रिनस आणि महाशीर हे सर्व एकाच मोठ्या कुळातील मासे असून यांपैकी एकाच्याही जबड्यात दात नाहीत. शिक्षकांनी बाजारातून रोहूचे डोके आणून विद्यार्थ्यांस दाखविल्यास हे तत्काळ पटेल. बोट आत घातले तरी ओरखडा उठत नाही. दात नाहीत म्हणजे हा प्राणी चावणारा नव्हे आणि चावणारा नव्हे म्हणजे शिकारी नव्हे, असा तर्क कोणीही करील. पण तेच डोके अधिक उघडून कल्ल्यांच्या मागे, घशाच्या तळाशी पाहिले म्हणजे दोन्ही बाजूंस हाडाच्या कमानी दिसतात आणि त्यांवर ओळींनी मांडलेले दात दिसतात. दात आहेत, ते घशात आहेत. वरच्या बाजूस कवटीच्या तळाशी एक कठीण गादी असते. तिच्यावर हे दात अन्न दाबतात, भरडतात किंवा चिरडतात. गोगलगायीचे कवच फुटते ते येथेच.

मग दातांवाचून भक्ष्य धरावयाचे कसे? त्यासाठी या माशांजवळ निराळी युक्ती आहे. मासा तोंड मिटून भक्ष्याजवळ येतो आणि एकाएकी तोंड उघडून गालांची पोकळी फुगवितो. आत जागा झाली की बाहेरचे पाणी त्या जागेत वेगाने घुसते आणि पाण्याबरोबर भक्ष्यही आत ओढले जाते. मग कल्ल्यांवाटे पाणी बाहेर सोडले जाते व खाद्य आत राहते. पिचकारीचा दट्ट्या मागे ओढला असता पाणी आत यावे, तसाच हा प्रकार होय. हे सर्व डोळ्याचे पाते लवण्याच्या आत घडते. म्हणूनच माशाने अळी गिळलेली मुलांना दिसत नाही. अळी होती आणि आता नाही, एवढेच त्यांना दिसते. कुरमुरा असो, शेवाळाचा तुकडा असो किंवा जिवंत किडा असो, ओढून घेण्याची क्रिया तीच. शाकाहारासाठी एक तोंड आणि शिकारीसाठी दुसरे, अशी सोय निसर्गाने येथे केलेली नाही.

तोंडांच्या घडणीत फरक मात्र पुष्कळ असतो. रोहूचे तोंड खालच्या बाजूस वळलेले आणि ओठ झालरीसारखे. मृगळ तळाशी कुजणारा पालापाचोळा व चिखलातील सेंद्रिय अंश वेचतो. कटल्याचे तोंड रुंद आणि वर वळलेले असून तो पाण्याच्या वरच्या थरात चरतो. या तिघांना एकाच तळ्यात वाढविता येते त्याचे कारण हेच. पण कटला वरच्या थरात चरतो म्हणजे काय खातो? त्याच्या कल्ल्यांच्या कमानींवर कंगव्यासारखे दाट दाते असतात आणि त्यांतून गाळून तो मुख्यतः पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी खातो. हे प्राणी डोळ्यांना क्वचितच दिसतात, म्हणून कटल्याला कोणी मांसाहारी म्हणत नाही. संख्येचा हिशेब केला तर दिवसभरात त्याच्याइतके जीव मरळही घेत नसेल. मात्र गाळून खाण्यास शिकार म्हणावे की नाही, यावर वाद घालता येईल आणि तसा वाद मोठ्या वर्गातील मुलांनी अवश्य घालावा.

ज्या रोहूला आपण शाकाहारी म्हणतो त्याचे बालपण पाहिले म्हणजे तर वादच उरत नाही. अंड्यातून निघालेले रोहूचे पिल्लू सुमारे पाच मिलिमीटर लांबीचे असते. मत्स्यव्यवसायातील लोक अशा पिल्लांना मत्स्यजिरे म्हणतात आणि ज्याने ती पाहिली आहेत त्याला हे नाव किती नेमके आहे ते कळते. पहिले दोन-तीन दिवस पोटाखालच्या पिशवीतील अन्नावर त्यांचे भागते. पिशवी संपली की त्यांस स्वतः खावे लागते आणि ते पहिले खाणे प्रामुख्याने सूक्ष्म प्राण्यांचे असते. पिल्लू एखाद्या पाणपिसवेवर नजर रोखते, अंग किंचित वाकविते आणि पुढे झेपावते. पुष्कळदा नेम चुकतो. मोठेपणी शेवाळ व कुजलेली पाने खाणाऱ्या या माशाने आयुष्याचा आरंभ नेम धरूनच केलेला असतो. त्याचे आतडे त्या वयात आखूड असते. पुढे आहार बदलतो तसे ते वाढत जाऊन शरीराच्या कित्येक पट लांब होते, कारण वनस्पती पचविण्यास लांब आतडे लागते. म्हणजे मासा एकच, पण रकाना वयाबरोबर बदलतो.

या अवस्थेत शिकारी कोण आणि शिकार कोण हे ठरविणेही कठीण जाते. तळ्यातील सायक्लॉप्स नावाचा बारीक जीव नुकत्याच निघालेल्या पिल्लांवर तुटून पडतो व त्यांस इजा करतो. पिल्लू त्यातून वाचले, तर आठवड्याभराने तेच पिल्लू सायक्लॉप्स खाऊ लागते. हा तोच सायक्लॉप्स, ज्याच्या पोटातून नारूचा जंतू पिण्याच्या पाण्यावाटे माणसात शिरत असे. महाराष्ट्रातील पायऱ्यांच्या विहिरींच्या गावांनी या रोगाचा मोठा त्रास सोसला. भारत नारूमुक्त झाल्याचे २००० साली जाहीर झाले. त्याचे श्रेय मुख्यतः पाणी गाळून पिण्यास आणि विहिरींच्या सुधारणेस आहे. माशांचा त्यात वाटा असलाच तर तो अल्प होता.

मत्स्यजिऱ्यांचे शत्रू पुष्कळ आहेत. उलटे पोहणारे पाणकिडे आणि चतुरांची पाण्यातील पिल्ले त्यांस मारतात. म्हणून संगोपन तळ्यात जिरे सोडण्यापूर्वी पाण्यावर साबण व तेल यांचे मिश्रण पसरण्याची जुनी रीत आहे. त्यामुळे श्वासासाठी वर येणारे किडे गुदमरून मरतात. पण किड्यांइतकेच नुकसान ओढ्यातून चुकून शिरलेले बोटभर लांबीचे मासे करतात. मोठ्यांस तोंडाने इजा करण्याचे सामर्थ्य या माशांत नाही आणि गावातील मुले त्यांस ओंजळीत धरून खेळतात. जिऱ्यांच्या तळ्यात मात्र ते वाघच ठरतात. त्यांतल्या त्यात विलक्षण म्हणावा असा एक चपटा, काचेसारखा आरपार दिसणारा मासा आहे. तो इतका नाजूक की अंगातील काटा बाहेरून मोजता यावा. त्याच्या पोटात इतर माशांचे खवले सापडतात. तो जिवंत माशाच्या अंगावर झडप घालून खवले उपटतो आणि खातो. शिकार जिवंत राहते व काही दिवसांनी तिला पुन्हा खवले येतात.

दात नसलेल्या कुळातील मासे शिकारीच्या मार्गावर किती दूर जाऊ शकतात, याचे सर्वांत बोलके उदाहरण आफ्रिकेत सापडते. इथिओपियात समुद्रसपाटीपासून सुमारे १,८०० मीटर उंचीवर ताना नावाचे विस्तीर्ण सरोवर आहे. निळी नाईल नदी येथूनच निघते. सरोवरापासून सुमारे ३० किलोमीटरवर नदी एका ४० मीटर उंचीच्या धबधब्यावरून खाली कोसळते, त्यामुळे खालचे मासे वर येऊ शकत नाहीत. परिणामी इतर नद्यांत व सरोवरांत शिकाऱ्याची जागा धरून बसलेल्या दातेरी जाती येथे जवळजवळ नाहीतच. आपल्या महाशिराचे दूरचे भाऊबंद शोभतील असे मोठ्या खवल्यांचे मासे मात्र तेथे प्राचीन काळापासून आहेत. डच संशोधकांनी १९९० च्या दशकात त्यांची बारकाईने मोजमापे घेतली, तेव्हा एकच वाटणाऱ्या माशाच्या सुमारे १५ निरनिराळ्या जाती असल्याचे आढळून आले आणि त्यांपैकी ८ जाती मासे खाऊन जगणाऱ्या निघाल्या. कोणाचे तोंड वर वळलेले, कोणाचा जबडा लांबलेला, कोणाचे अंग पाठलागास योग्य असे निमुळते झालेले. जबड्यात दात नाहीत, आम्ल सोडणारे जठर नाही आणि घशातील दातांमुळे गिळण्याची वाट अरुंद. इतक्या अडचणी असताही शिकाऱ्याची जागा मोकळी दिसताच या साध्या माशांनी ती व्यापिली. अडचणींचा परिणाम इतकाच की, त्यांना लहान भक्ष्यावर भागवावे लागते. दातेरी शिकाऱ्याप्रमाणे आपल्या अंगाच्या मानाने मोठा मासा त्यांना गिळता येत नाही. पुढे यांत्रिक नावा व जाळी आल्यावर अंडी घालण्यासाठी नद्यांच्या मुखाशी जमणारे हे मासे मोठ्या प्रमाणावर पकडले जाऊन त्यांची संख्या फार घटली, ही गोष्टही येथे नमूद करणे प्राप्त आहे.

आता गावाच्या हौदाकडे वळावयाचे. डासांच्या अळ्या खाण्यासाठी आपल्याकडे दोन परदेशी मासे सोडले जातात, गप्पी आणि गंबुशिया. गप्पी दक्षिण अमेरिकेच्या ईशान्य भागातील व त्रिनिदाद बेटातील. त्याचे नाव त्या बेटावर राहणाऱ्या रॉबर्ट गप्पी नावाच्या गृहस्थावरून पडले, गप्पांशी त्याचा संबंध नाही. गंबुशिया अमेरिकेच्या दक्षिण भागातील. १८९७ साली सिकंदराबाद येथे रोनाल्ड रॉस यांनी हिवतापाचे जंतू डासाच्या पोटात पाहिले आणि डासांविरुद्ध जगभर मोहीम सुरू झाली. त्या मोहिमेबरोबर हा मासा देशोदेशी गेला. १९२० नंतरच्या काही वर्षांत तो स्पेन व इटलीत पोहोचला आणि १९२८ साली इटलीहून भारतात आणला गेला. दोन्ही मासे अंडी न घालता पिल्लांना जन्म देतात, घाणेरड्या पाण्यात तग धरतात आणि फार जलद वाढतात. आरोग्य कर्मचाऱ्यांनी बादलीतून आणलेले चार-सहा मासे काही महिन्यांत सगळा हौद भरून टाकतात.

डासांच्या बाबतीत यांचा उपयोग होतो यात शंका नाही. डासाची अळी श्वास घेण्यासाठी पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन लटकते आणि या माशांची तोंडे वर वळलेली असल्यामुळे ती त्यांच्या समोरच येते. पूर्ण वाढलेला गंबुशिया दिवसाला शंभर ते तीनशे अळ्या खातो, असा आकडा आरोग्यविषयक पुस्तिकांतून दिलेला आढळतो. हा आकडा वाचताना मात्र एक प्रश्न विचारला पाहिजे : त्या वेळी माशासमोर दुसरे काय होते? भांड्यात नुसत्या अळ्या असतील तर मासा अळ्याच खाणार. तळ्यात तसे नसते. तेथे पाणपिसवा असतात, इतर माशांची अंडी व पिल्ले असतात, चतुरांची लहान पिल्ले असतात, आणि पावसाळ्यात बेडकांची शेपटीवाली पिल्लेही असतात, ज्यांस शास्त्रीय पुस्तकांत भैकेर म्हटले आहे. मासा यांतून अळ्या तेवढ्या निवडून घेत नाही. तो सर्वच खातो.

त्याचे परिणाम निरनिराळ्या देशांत दिसून आले आहेत. १९७२ साली अमेरिकेतील ‘सायन्स’ या नियतकालिकात एका प्रयोगाचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. काही कृत्रिम तळ्यांत गंबुशिया सोडला व काहींत सोडला नाही. मासे असलेल्या तळ्यांतील पाणपिसवांसारखे सूक्ष्म प्राणी नाहीसे होत गेले, त्यामुळे त्यांचे खाद्य असलेले सूक्ष्म शेवाळ बेसुमार माजले आणि पाणी हिरवे झाले. ऑस्ट्रेलियात हा मासा १९२५ साली आणला गेला. तेथे तो स्थानिक बेडकांचे भैकेर खातो आणि आपल्याहून मोठ्या माशांचे पर कुरतडतो. १९९९ साली न्यू साउथ वेल्स राज्याने त्याची शिकार हा वन्य जीवांस असलेला एक प्रमुख धोका म्हणून नोंदविला. अमेरिकेतील ॲरिझोना प्रांतात त्याच्याच आकाराच्या एका स्थानिक माशाची पिल्ले खाऊन त्याने त्या माशाला पुष्कळ झऱ्यांतून हुसकावून लावले. जगातील सर्वांत उपद्रवी अशा शंभर आगंतुक जातींची एक यादी प्रसिद्ध आहे, तीत गंबुशियाचे नाव आहे. ज्याची मादी फार तर पाच-सहा सेंटिमीटर वाढते आणि नर त्याहूनही लहान असतो, त्या माशाची ही कीर्ती!

येथे एक विसंगतीही ध्यानात घेण्यासारखी आहे. चतुरांची पिल्ले व उलटे पोहणारे पाणकिडे हे स्वतः डासांच्या अळ्यांचे मोठे भक्षक आहेत. डासांसाठी सोडलेला मासा त्यांनाही खातो. ज्या तळ्यात हे जुने पहारेकरी भरपूर आहेत, तेथे नवा पहारेकरी नेमून पदरात काय पडते, याचा विचार सोडण्यापूर्वी व्हावयास हवा.

चांगल्या हेतूने आणि थोर हातांनी सोडलेला मासाही कसा उलटतो, याची हकिकत जपानमध्ये घडली आहे. १९६० साली जपानचे तत्कालीन युवराज अकिहितो अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना शिकागोच्या महापौरांनी त्यांस ब्लूगिल नावाचे मासे भेट दिले. किडे व पाण्यातील सूक्ष्म प्राणी खाणारा, वीतभर वाढणारा, खाण्यास रुचकर असा हा मासा असून मोठ्या शिकारी माशांत त्याची गणना कोणी करीत नाही. युवराज स्वतः माशांचे अभ्यासक. देशात अन्नाची भर पडावी म्हणून त्यांनी ते मासे संशोधन संस्थेच्या स्वाधीन केले. तेथून ते हळूहळू नद्यांत व सरोवरांत पसरले. बिवा या जपानच्या सर्वांत मोठ्या सरोवरात तर ते फारच माजले आणि तेथील स्थानिक माशांची अंडी व पिल्ले त्यांनी खाऊन टाकली. २००७ साली बिवाच्या काठी झालेल्या एका समारंभात सम्राट अकिहितो यांनी, हे मासे आपण आणले आणि त्याचा असा परिणाम झाला याचे आपणांस दुःख वाटते, अशा अर्थाचे उद्गार जाहीरपणे काढले. सम्राटाने आपल्या हातून झालेल्या चुकीचा असा उच्चार करणे ही साधी गोष्ट नव्हे. मासे मात्र परत गेले नाहीत.

याचा अर्थ गावातील गप्पी मासे उपसून टाकावेत असा कोणी करू नये. बंद हौद, वापरात नसलेली सिमेंटची टाकी, बांधकामाजवळचे साठवणीचे पाणी, कारंज्याचे कुंड, या ठिकाणी ना बेडूक असतात ना स्थानिक मासे. तेथे गप्पी सोडल्याने लाभच आहे. डेंग्यूचा डास तर घरातील बादली, पिंप, टायर व कुंडीखालची बशी अशा किरकोळ पाण्यात वाढतो. तेथे बहुधा मासा सोडता येत नाही. आठवड्यातून एकदा भांडी घासून कोरडी ठेवणे हाच तेथे उपाय आहे. प्रश्न आहे तो ओढे, झरे, भातखाचरे, देवराईतील तळी आणि नद्यांचे डोह यांचा. अशा पाण्यात परका मासा एकदा गेला की तो परत काढता येत नाही. शिवाय तेथे अळ्या खाणारे आपले मासे बहुधा आधीच असतात. कोकणात व गोव्यात भातखाचरांतून आणि पाटांतून एक लहानसा, पृष्ठभागालगत पोहणारा मासा दिसतो. वरून पाहिले असता त्याच्या डोक्यावर चांदीचा ठिपका चमकतो आणि त्या ठिपक्यावरून मुले त्याला लांबूनही ओळखू शकतात. याच जातीतील एका माशाचा उपयोग गोव्यात हिवतापाच्या डासांविरुद्ध करून पाहण्यात आला व त्याचा अभ्यास १९९८ साली प्रसिद्ध झाला. हाही शिकारीच आहे, शाकाहारी नव्हे. परंतु त्या पाण्यातील बेडूक आणि इतर मासे त्याच्या सोबतीने हजारो वर्षे राहत आले आहेत, गंबुशियाच्या सोबतीने नव्हे.

वर्गात हा विषय दाखविण्यास खर्च जवळजवळ नाही. रुंद तोंडाची काचेची बरणी घ्यावी, नळाचे पाणी असल्यास ते एक दिवस उघडे ठेवून मग भरावे आणि तीन-चार गप्पी मासे सोडावेत. पहिल्या दिवशी मोजून पन्नास अळ्या टाकून दर पाच मिनिटांनी उरलेल्या अळ्या विद्यार्थ्यांस मोजावयास सांगाव्यात. दुसऱ्या दिवशी अळ्या न टाकता शेवाळ लागलेला दगड ठेवावा. गप्पी ते शेवाळ कुरतडताना दिसतील. तिसऱ्या दिवशी शेवाळ, अळ्या व भाताची दोन शिते एकदमच ठेवावीत आणि मासा आधी कशाकडे वळतो ते मुलांनी स्वतः नोंदवावे. निरनिराळ्या गटांच्या नोंदी जुळल्या नाहीत तर त्या जुळविण्याचा खटाटोप करू नये. कोणत्या गटातील मासे आधीच पोटभर खाल्लेले होते याची चौकशी करावी. बरणीच्या तोंडास पातळ फडके बांधणे अवश्य आहे, नाही तर उरलेल्या अळ्यांचे डास होऊन ते वर्गातच फिरू लागतील. भैकेर माशांपुढे टाकून पाहण्याची मात्र गरज नाही.

पोटाच्या मागील भागावर काळसर डाग असलेली फुगीर मादी आढळल्यास ती वेगळ्या बरणीत ठेवावी. काही दिवसांनी ती पिल्लांना जन्म देईल. पाण्यात वनस्पती नसेल तर जन्मलेल्या पिल्लांपैकी कित्येक तीच खाऊन टाकते, आणि हे पाहून लहान मुलांस धक्का बसतो. म्हणून बरणीत पाणवनस्पतीचा दाट जुडगा आधीच घालून ठेवावा. एका बरणीत वनस्पती ठेवून व दुसरीत न ठेवता किती पिल्ले उरली याची तुलना करावयाची असल्यास ती वरच्या वर्गांपुरती ठेवावी. प्रयोग संपल्यावर मासे शाळेच्या बंद हौदात सोडावेत किंवा आरोग्य उपकेंद्राकडे द्यावेत. बरणी धुताना उरलेले पाणी शाळेमागच्या ओढ्यात ओतू नये. ते झाडांच्या आळ्यात ओतावे, कारण नुकती जन्मलेली पिल्ले पाण्याच्या तळाशी सहज नजरेआड राहतात.